पोतीची सावली

धीर देणारं काहीतरी वाचायला मिळेल म्हणून हे हातात घेतलं असेल तर आधीच सांगते, मी अजून दमलेलीच आहे. रेडिएशन संपून चार महिने झाले, तरी जिना चढताना पहिल्या मजल्यावर टेकावं लागतं. लोक म्हणतात, तू वाघीण आहेस. वाघिणीला भर दुपारी खरकटी भांडी तशीच टाकून झोपावं लागत नसेल. पण उद्या तपासणीला जाणारी आणि काहीतरी सांगायचं टाळणारी एखादी बाई असेल, तिच्यासाठी लिहिते. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

माझं नाव मंदाकिनी, पण सगळे मंदाच म्हणतात. वय बेचाळीस. सणसवाडीतल्या एका कंपनीत गाड्यांच्या दिव्यांच्या काचा तपासते. काच म्हणायची, असते प्लॅस्टिकची. साच्यातून निघालेला नग उजेडाच्या पेटीसमोर धरायचा, आणि काळा ठिपका, बुडबुडा नाहीतर चरा दिसला की लाल क्रेटमध्ये टाकायचा. आमच्या खात्यात अंगावर दागिना चालत नाही, नगाला चरे पडतात. बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र, सगळं बाहेर. मंगळसूत्राला आम्ही पोत म्हणतो. पाच वर्षं मी रोज गेटच्या आत शिरले की पोत काढून डब्याच्या पिशवीतल्या आतल्या कप्प्यात ठेवायची, आणि सुटल्यावर परत घालायची.

हे गावी, वडगाव रासाईला, माझ्या सासूबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांना मी आत्या म्हणते. माझे सासरे, म्हणजे मामा, एकदा नदीवरच्या मोटरीचा शॉक लागून थोडक्यात वाचले. आत्यांच्या मते ते पोतीच्या पुण्याईनं. तेव्हापासून आंघोळीलासुद्धा त्यांनी ती काढली नव्हती. अशा बाईला 'मी रोज काढते' हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आम्ही नवराबायको आणि मुलगी सई सणसवाडीत खोली करून राहतो. महिन्यातून दोनदा गावी जायचं, तेव्हा पोत गळ्यात असायचीच. झाकली मूठ होती.

काळ्या पडद्यांची खोली

कोरेगाव भीमाला एका मंगल कार्यालयात बायकांच्या छातीची तपासणी ठेवली होती. मशीन नवं होतं, उजेडावर चालणारं. दुखत नाही, दाबत नाही, एक्स-रे नाही, असं रिक्षावरून पुकारत होते. मशीन अजून शिकतंय, हेही त्या लोकांनी मोकळेपणानं सांगितलं होतं. ते रोग ठरवत नाही, शंका काढतं. शंका आली की पुढं मोठ्या तपासणीला पाठवायचं. माझी चुलत जाऊ शोभा कोरेगावलाच राहते. तिनं स्वतःबरोबर माझंही नाव दिलं. मला काही होत नव्हतं, पण फुकट आहे तर जाऊ म्हणून पहिली पाळी संपवून गणवेशातच गेले.

एका खोलीला काळे पडदे लावले होते, कारण बाहेरचा उजेड मशीनला चालत नाही. तिथं प्रज्ञा नावाची मुलगी होती, पंचविशीची. आपण झगा घालून पडायचं आणि ती झग्याखालून मुठीएवढं यंत्र फिरवायची. त्यातून डोळ्यांना न दिसणारा उजेड आत जातो. आत जिथं रक्त जास्त गोळा झालेलं असतं तिथं तो अडतो, आणि पडद्यावर तेवढं काळं दिसतं. तिनं हे सांगितलं आणि मला लगेच कळलं. उजेडात काळं शोधायचं, हेच तर मी दिवसभर करते.

डावीकडं, वरच्या अंगाला, मधल्या हाडाजवळ काळं आलं. मला दिसलं आणि प्रज्ञालाही दिसलं.

"पोतीची सावलीय ताई," ती म्हणाली. "काळे मणी उजेड खाऊन टाकतात. सकाळपासनं सगळ्यांनाच येतीय. काढा म्हटलं तर कोण काढतंय? मग आम्ही तसंच लिहितो आन् सोडतो."

तिनं कागदावर लिहिलंसुद्धा. अंधारात, झग्याच्या आत, माझ्या गळ्यात काय आहे ते तिला दिसणं शक्य नव्हतं. दिवसभरात इतक्या बायका झाल्या होत्या की विचारायचंही तिनं सोडून दिलं होतं.

माझा गळा रिकामा होता. घाईत पोत घालायची राहिली होती. ती डब्याच्या पिशवीत होती, आणि पिशवी पडद्याबाहेर शोभाच्या मांडीवर.

"काय म्हणली गं मशीनवाली?" शोभानं पडद्याआडून विचारलं.

'माझ्या गळ्यात पोत नाही.' एवढंच म्हणायचं होतं. पण शोभाच्या तोंडात तीळ भिजत नाही. दिवेलागणीच्या आत वडगावला फोन गेला असता. आणि खरं सांगायचं तर कारण तेवढंच नव्हतं. मला ती सावलीच हवी होती. समोरची पास म्हणत असताना आपणच कशाला नापास करून घ्यायचं?

"काय न्हाई म्हणली," मी म्हणाले, आणि झग्याच्या नाड्या सोडल्या.

पुसून बघ

सात आठवडे गेले. रोज आंघोळ करताना चाचपायची, हाताला काही लागायचं नाही. नाही ना, मग झालं, असं म्हणून अंग पुसायची.

मग एका सकाळी आमच्या लाईनवरच्या नव्या मुलीनं, पूजानं, काळा ठिपका असलेला नग पासच्या क्रेटमध्ये ठेवला. मी तो उचलून तिच्यापुढं धरला.

"धूळ असंल मॅडम. आज सगळ्यावरच पडलीय."

"पुसून बघितलीस?"

"न्हाई, पन..."

"पुसल्याबिगर धूळ कशी म्हणतीस? पुसून ऱ्हायला तर डाग आतला हाय! सगळ्यावर हाय म्हणून हितं बी धूळच असंल व्हय?"

माझा आवाज इतका चढला की मशीनवरची माणसं वळून बघायला लागली. पूजाचे डोळे भरले. मी पुढचा नग उचलला, उजेडासमोर धरला आणि तशीच उभी राहिले. हात खाली येईना. सुपरवायझर धावत आला, चक्कर आली का विचारायला लागला. पाच वर्षांत पहिल्यांदा मी अर्धी सुट्टी टाकली. तिथून तडक शिरूरला सरकारी दवाखान्यात गेले, आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, हाताला काही लागत नाही, पण आत काळं आहे. त्यांनी माझ्याकडं जरा चमत्कारिक नजरेनं बघितलं, पण चिठ्ठी दिली.

दोन चहा

पुण्याला मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, सुई घालून तुकडा काढला. रिपोर्टच्या दिवशी आमचे हे, म्हणजे रवींद्र, बरोबर होते. दोन तास बसून नंबर येईना, म्हणून ते चहा आणायला गेले आणि नेमका तेव्हाच नंबर आला. डॉक्टर भले होते. हळू बोलले, सगळं मराठीत बोलले. मला त्यातलं 'आहे' आणि 'लहान आहे' एवढंच कळलं.

बाहेर आले तर हे दोन कागदी कप घेऊन उभे. "काय म्हणले?"

मी आधी चहा प्यायले. गरम होता, गोड होता, आणि त्याच्यानंतर कुठलाच चहा तसा लागणार नाही हे मला कळत होतं. मग म्हणाले, "हाय म्हणले." ह्यांच्या चहावर साय धरली तरी कप हातातच होता.

दुसऱ्या भेटीत मी डॉक्टरांना शिबिराचं सांगितलं. तेव्हाच बोलले असते तर? ते म्हणाले, "सात आठवड्यांनी फार फरक पडला असं मी म्हणणार नाही. काहीच पडला नाही, असंही मला म्हणता येणार नाही." या उत्तराबरोबर मला राहायचं आहे. कधी त्याचा पहिला अर्धा भाग आठवतो, कधी दुसरा. ज्या दिवशी जास्त दमलेली असते, त्या दिवशी दुसराच आठवतो.

अर्धी चूक

शिबिरात मिळालेल्या चिठ्ठीवर त्यांचा फोन नंबर होता. मी फोन करून कळवलं, कारण जुना फोटो डॉक्टरांना बघायचा होता. फोटो मिळाला, कागदही मिळाला. त्यावर प्रज्ञाच्या अक्षरात लिहिलेलं होतं, पोतीची सावली. त्या रविवारी आम्ही म्हाताऱ्यांना सांगायला वडगावला गेलो होतो. पत्ता विचारत विचारत प्रज्ञा एसटीनं तिथं आली. कुणी पाठवलं नव्हतं, स्वतःहून आली होती.

ती ओट्यावर बसली. पाण्याचा तांब्या तिच्यासमोर तसाच होता.

"एक पोत बाजूला साराया हात मोडले होते का तुमचे?" हे ओरडले. "पोतीखाली गाठ दडली आन् तुम्ही सावली म्हणून मोकळं? माणूस मेलं आसतं तर?"

"चूक झाली दादा," ती म्हणाली. "मी बाजूला करून परत बघायला पाहिजे होतं. माझीच चूक हाय."

मामा तंबाखू मळायचं थांबले. आत्या उंबऱ्यात उभ्या होत्या. प्रज्ञाला वाटत होतं की पोत होती. ह्यांनाही वाटत होतं की पोत होती. मी तोंड उघडलं नसतं तर हे जन्मभर असंच राहिलं असतं, आणि त्या पोरीनं सगळं ओझं घेऊन परत एसटी धरली असती. दुसऱ्यांदा गप्प बसायची संधी समोर वाढून ठेवलेली होती. मोह झाला, खोटं कशाला सांगू?

"तिची चूक अर्धी हाय," मी म्हणाले. "पोत नव्हतीच माझ्या गळ्यात. पिशवीत होती. ती सावली म्हणली तवा मला ठावं होतं, सावली न्हाई म्हणून. मी बोलले न्हाई."

मग आत्यांनी विचारलं, "पिशवीत का?"

"कंपनीत चालत न्हाई. काढावी लागती."

"कवापासनं?"

"पाच वर्सं."

"रोज?"

"रोज, आत्या."

आत्या वळल्या आणि गोठ्यात गेल्या. प्रज्ञा माझ्याकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर सुटकेसारखं काही नव्हतं. उठताना एवढंच म्हणाली, "तरी मी विचारायला पाहिजे होतं ताई. गळ्यात काय हाय, एवढंच तर विचारायचं होतं."

सणसवाडीला परतताना तळेगावला ह्यांनी मोटारसायकल बाजूला घेतली. म्हणाले, "आईला भिऊन गप बसलीस?" मी हो म्हटलं. "मला तरी सांगायचं."

हळकुंड

ऑपरेशनच्या आधी दोन दिवस आत्या सणसवाडीला आल्या. त्या दोन दिवसांत माझ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. भाकरी करायच्या, ताट सरकवायच्या, सईची वेणी घालायच्या. राग होता तो पुरता होता, आणि जेवण होतं तेही पुरतं होतं.

ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्यात सिस्टर म्हणाली, अंगावरचं सगळं काढा. मी पोतीला हात घातला आणि आत्यांकडं बघितलं. त्यांनी कमरेची पिशवी सोडली. पिशवीतून हळदीत भिजवून वाळवलेला दोरा आणि त्यात ओवलेलं हळकुंड काढलं. आमच्याकडं पोत तुटली, पुन्हा ओवायला दिली, तर तेवढा वेळ गळा मोकळा नको म्हणून हळकुंडाचा दोरा बांधतात. ते त्यांनाही माहीत होतं, मलाही माहीत होतं. पाच वर्षांत एकदाही मला ते सुचलं नाही.

"काढ," त्या म्हणाल्या. "हात कर पुढं. गळ्यात न्हाई चालणार, मनगटाला बांधते." दोऱ्याची गाठ मारताना म्हणाल्या, "मला सांगितलं आसतंस तर पाच वर्सांमागंच दिला आसता की दोरा. मी काय वाघ हाय का?"

मला रडू फुटलं. त्या म्हणाल्या, रडू नको, नाक चोंदतं. सिस्टरनं नियम दाखवला, मग आत्यांचं तोंड बघितलं, आणि दोऱ्यावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळून टाकली. "कुणी विचारलं तर सांगा, सलाईनची हाय." त्या सिस्टरचं नाव मला माहीत नाही. देव तिचं भलं करो.

नुसतं दमणं

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. गाठ गेली. मग केमो, दर तीन आठवड्यांनी. केस गेले, भुवया गेल्या. जिभेवर लोखंडी चमचा ठेवल्यासारखी चव. मग रेडिएशन, रोजचं. जाऊन येऊन चार तास आणि आत दहा मिनिटं. एका खोलीत पाच माणसं, कारण आत्या आल्यावर मामाही आले. सई न्हाणीघराला कडी लावून अभ्यास करायची. आत्यांचं आणि माझं लोणच्यावरून भांडण झालं, आणि भांडण करण्याइतकी मी बरी झाले म्हणून हे हसले, तर आम्ही दोघी त्यांच्यावर धावून गेलो.

भीती सिनेमात दाखवतात तशी येत नाही. ती डाळ निवडताना येते, सईच्या शाळेचा फॉर्म भरताना येते. पुढच्या वर्षीच्या रकान्यात काही लिहायचं झालं की हात थांबतो. माया मात्र कुठूनही येते. बिहारची रूबी माझ्या लाईनवर आहे. परत कामावर गेले त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये तिनं दोन जागा धरून ठेवल्या होत्या. "दीदी, पूरी सीट आपकी. सो जाओ." आणि मी खरंच झोपले, गेट येईपर्यंत, तोंड उघडं टाकून.

दौंडकडचं शिबिर

गेल्या महिन्यात प्रज्ञाचा फोन आला. आता ते प्रत्येकीला विचारतात, लिहून घेतात. पण बायका पोत काढायला तयार होत नाहीत, मागं सारतात, तोंडात धरतात, आणि निम्मे फोटो फुकट जातात. मशीन सुधारायला शहाणी माणसं बसली आहेत. त्यांनी प्रकाशाचं काय काय बदललं ते तिनं सांगितलं, मला सगळं कळलं नाही. पण काळ्या मण्यापुढं त्यांचंही चालत नव्हतं.

आत्या शेजारी बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "दोरा द्या की त्यास्नी."

प्रज्ञानं आधी मशीनखाली धरून बघितलं. हळदीच्या दोऱ्याची सावली येत नाही, हळकुंडाची थोडी येते. म्हणून दोरा मनगटाला बांधायचा ठरलं. पुढचं शिबिर भीमेपलीकडं, दौंड तालुक्यात, आत्यांच्या माहेरच्या गावात होतं. आदल्या दिवशी आत्यांनी रीळभर दोरा हळदीत भिजवला आणि आमच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वाळत घातला. दोन दिवस सगळ्यांचे हात पिवळे होते.

शाळेच्या वऱ्हांड्यात त्या परात घेऊन बसल्या, मी त्यांच्याशेजारी. बायका आल्या, परातीकडं बघितलं, एकमेकींकडं बघितलं. पहिली कोण, हाच प्रश्न. एक पोक्त बाई म्हणाली, "सांगायला लई सोपं हाय. तुमी काढली का कवा?"

आत्यांनी परात बाजूला ठेवली. सत्तरी ओलांडलेली बाई. लग्नानंतर मोटरीच्या त्या दिवसापर्यंत किती वेळा काढली असेल कोण जाणे, पण त्यानंतर एकदाही नाही. मी म्हणणार होते, राहू द्या आत्या, मी माझी दाखवते. तेवढ्यात त्यांनी पदर सारला, दोन्ही हात मानेमागं नेले. फासाचा आकडा निघेना. मी मदतीला हात लावला तर झटकला. शेवटी निघाली. ती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. मणी झिजून गुळगुळीत झालेले, आणि अंगाच्या उबेनं गरम होते.

"घट धर," त्या म्हणाल्या, आणि मनगट माझ्यापुढं केलं. मी दोरा बांधला.

त्या काळ्या पडद्याआड गेल्या. मी मूठ आवळून उभी होते. आतून प्रज्ञाचा आवाज आला, तिनं आता प्रत्येकीला विचारायचं ठरवलेलं आहे तो प्रश्न.

"आजी, गळ्यात काय हाय?"

"काय न्हाई गं बाई," आत्या खणखणीत म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "पोत सुनंच्या मुठीत हाय. आता काळं दिसलं तर माजं म्हणून लिव, पोतीवर ढकलू नगंस."

माझ्यामागं कुणीतरी पोतीच्या फासाला हात घातला. मग आणखी एकीनं.